पिल्लू घरी आलं: लस, जंत, गोचीड आणि ऑपरेशनचं पहिलं वर्ष

पिल्लू आणायचं ठरलं की घरात आधी नावावरून वाद रंगतो, मग पट्टा, भांडी, गादी यांची खरेदी होते. दवाखान्याची आठवण होते ती पिल्लाने दोन दिवस खाण्याला तोंड लावलं नाही की. हे वरातीमागून घोडं टाळायचं असेल तर पहिल्या वर्षात काय, कधी आणि कशासाठी करायचं ते इथे क्रमाने लिहितो आहे. कुत्रा आणि मांजर दोन्हींसाठी. जिथे दोघांचे मार्ग वेगळे होतात तिथे तसं सांगेन.

लस अजिबात न देणारे लोक शहरांत तरी आता कमी दिसतात. पण दोन डोस देऊन तिसरा राहून गेलेले, जंताचं औषध एकदाच पाजलेले, गोचिडाचं औषध फक्त पावसाळ्यात लावणारे घराघरात आहेत. काम सुरू झालेलं असतं, पुरं झालेलं नसतं, आणि आजार नेमका त्या फटीतून शिरतो. म्हणून खालचं वाचताना पहिल्या तारखेपेक्षा शेवटच्या तारखेकडे जास्त लक्ष द्या.

पहिली पायरी: पिल्लाच्या आधी डॉक्टर ठरवा

घराजवळचा एक दवाखाना पक्का करा आणि रात्री किंवा रविवारी उघडा असणारा दुसरा कुठे आहे ते आजच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता फोनवर शोधाशोध करण्यासारखा त्रास नाही. मोठ्या शहरांत खाजगी दवाखाने पुष्कळ आहेत. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि मुंबई इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांत बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे कमी खर्चात चांगली तपासणी होते. तालुक्याच्या गावी ज्याला सगळे ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात तिथेही कुत्र्या-मांजरांना बघतात. रेबीजची लस आहे का, आणि असेल तर कोणत्या दिवशी देतात, एवढं जाऊन विचारा. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे, पण खेडेगावात अडीअडचणीला माहीत असावा.

पिल्लू किती दिवसांचं आहे ते नीट विचारा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान-पैदास नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, तरी पाच आठवड्यांची पिल्लं ‘दोन महिन्यांची’ म्हणून सर्रास विकली जातात. पुढचे सगळे दात आले आहेत पण बारीक आहेत, पाय अजून लटपटतात, स्वतःहून नीट खात नाही, तर वय सांगितलं त्याहून कमी आहे असं धरा. डॉक्टर दात बघून अंदाज देतात. वय चुकलं की पुढचं सगळं वेळापत्रक चुकतं.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत पहिली तपासणी करून घ्या. त्या दिवशी लस मिळालीच पाहिजे असा हट्ट नको. जुलाब किंवा ताप असलेल्या पिल्लाला डॉक्टर लस देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी पायरी: लशींचं वेळापत्रक, आणि तीनदा का टोचायचं

पहिल्या दुधातून आईची प्रतिकारशक्ती पिल्लात येते. ती पिल्लाला जपते, पण बाहेरून दिलेली लसही निकामी करते. ती कधी ओसरेल याचा नेम नसतो. एकाच विणीतल्या एका पिल्लात ती आठव्या आठवड्यात संपते, दुसऱ्यात पंधराव्यापर्यंत टिकते. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यायची. यातला एखादा तरी डोस लागू पडावा एवढाच हेतू, आणि सगळ्यांत भरवशाचा असतो तो शेवटचा, कारण तोवर आईकडून आलेला वाटा संपलेला असतो. जागतिक स्तरावरच्या पशुवैद्यकांच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. अकराव्या आठवड्यात दुसरा डोस देऊन ‘झालं आमचं’ म्हणणाऱ्यांचं पिल्लू कदाचित पूर्ण उघडं असतं.

कुत्र्याच्या पिल्लाला पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत. त्यात डिस्टेंपर, हेपटायटिस, पार्वो आणि पॅराइन्फ्लुएन्झा या विषाणूजन्य आजारांवरच्या लशी असतात. दवाखान्यात त्याला ‘डीएचपीपीआय’ म्हणतात, लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा आजार, खाली वेगळा लिहिला आहे) धरून ‘सेव्हन-इन-वन’ किंवा ‘नाइन-इन-वन’. मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, आणि आपल्याकडे धोका मोठा असल्याने बरेच डॉक्टर ती दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा देतात. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान सगळ्याचा बूस्टर.

त्यापुढे? डिस्टेंपर-पार्वोचं संरक्षण नीट झालं असेल तर तीन वर्षं टिकतं, आणि परदेशात तसंच देतात. आपल्याकडे बहुतेक दवाखाने दरवर्षी देतात. यावर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. लेप्टो आणि रेबीज मात्र दरवर्षी, त्यात चालढकल नको.

मांजरीच्या पिल्लाला ‘थ्री-इन-वन’: पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी. वेळा त्याच, सहा-आठ आठवड्यांपासून सोळापर्यंत, शिवाय बारा आठवड्यांनंतर रेबीज. ‘आमची मांजर फ्लॅटबाहेर पाऊल ठेवत नाही, तिला कशाला?’ हे नेहमीचं वाक्य. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू पार्वोचा सख्खा नातेवाईक आहे. तो चपलांच्या तळव्यावरून घरात येतो आणि महिनोन् महिने तग धरतो. शिवाय मांजर घरातली असली तरी जाळी नसलेली खिडकी आणि उघडं राहिलेलं दार घरातच असतं.

‘आपला गावठी आहे हो, त्याला काही होत नाही.’ हे मला निदान ज्येष्ठ मंडळींकडून तरी फार ऐकावं लागतं. रस्त्यावर जी धडधाकट गावठी कुत्री दिसतात ती वाचलेली असतात. न वाचलेली पिल्लं आपल्याला दिसत नाहीत, म्हणून हा समज टिकून आहे. पार्वो जात बघत नाही. तो विषाणू जगभर पसरला १९७८ च्या सुमारास, आणि त्याच्यावर थेट औषध आजही सहज मिळत नाही. सलाइन, उलटीचं औषध आणि शुश्रूषा यांच्या जोरावर पिल्लू तरतं किंवा जातं. वास मारणारी, रक्त मिसळलेली पातळ शी आणि सततच्या उलट्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका.

पार्वो झालेलं पिल्लू ज्या घरात होतं तिथे लगेच दुसरं आणू नये. साधा फिनाइलचा पोछा या विषाणूला पुरत नाही. पाण्यात मिसळलेलं ब्लीच, म्हणजे साधारण तीस भाग पाण्याला एक भाग, आधी धुऊन घेतलेल्या फरशीवर दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. माती, गालिचा, सोफा यांचं काय करणार? म्हणून काही महिने थांबणं आणि नवं पिल्लू लस पूर्ण झालेलं आणणं हाच सुज्ञपणा.

मोठं कुत्रं रस्त्यावरून दत्तक घेतलं आणि पूर्वीचं काहीच माहीत नसेल तर लस झाली नाही असं समजून सुरुवात करायची. जास्तीच्या एका डोसाने काही बिघडत नाही.

लेप्टो, आपल्या पावसाळ्याचा आजार

हा थोडा वेगळा ठेवतो, कारण कोकण, मुंबई, गोवा या पट्ट्यात तो घरातल्या माणसांशीही जोडलेला आहे. उंदरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून किंवा तोंडातून शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची साथ पसरली होती, ती अजून अनेकांना आठवते. कुत्र्यात तो मूत्रपिंड आणि यकृत धरतो: ताप, उलट्या, पिवळे डोळे, लघवी कमी होणं. आजारी कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो.

लेप्टोच्या लशीला पहिल्या वर्षी दोन डोस लागतातच, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. इथे आईच्या दुधाचा मुद्दा नाही. ही लस एका डोसावर पुरेशी लागूच पडत नाही. मृग लागायच्या आत संरक्षण हवं तर पहिला डोस एप्रिलअखेर, दुसरा मे संपायच्या आत, आणि पुढच्या वर्षांतला वार्षिक डोसही मे महिन्यातच बसवा. लेप्टोचे प्रकार अनेक आणि लशीत त्यातले काहीच, तेव्हा लस झाली तरी डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका आणि पावसातून आल्यावर पंजे धुऊन पुसा.

तिसरी पायरी: लशीच्या दिवशी काय बघायचं

लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. मेडिकलमधून प्लास्टिकच्या पिशवीत घालून, उन्हातून आणलेली कुपी टोचून घेतली तर पाण्याचं इंजेक्शन दिल्यासारखंच. डॉक्टरांच्या फ्रिजमधून तुमच्या समोर कुपी निघावी. बऱ्याच लशींच्या दोन कुप्या असतात. एकीत पावडरची गोळी, दुसरीत द्रव, आणि दोन्ही टोचण्याच्या ऐन वेळी मिसळतात. कुपीवरचं लेबल सोलून तुमच्या लशींच्या पुस्तिकेत चिकटतं. त्यावर नाव, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख. खाली सही, शिक्का, पुढची तारीख. स्टिकरच्या जागी पेनाने नुसतं ‘लस दिली’ लिहिलं असेल तर तिथल्या तिथे विचारा, संकोच नको.

टोचल्यावर वीस-तीस मिनिटं दवाखान्यातच बसा. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलट्या, दम लागणं अशी रिअॅक्शन क्वचित येते, पण आली तर त्याच वेळात येण्याची शक्यता जास्त आणि डॉक्टर समोर असले की ती आवरते. त्या रात्री मलूल असणं, खाणं कमी होणं, टोचल्या जागी बारीक गाठ हे एक-दोन दिवसांत जातं.

मांजराला नेणं हीच मोठी मोहीम. बास्केट माळ्यावरून त्याच सकाळी काढली की मांजर पलंगाखाली. आठवडाभर आधी ती हॉलमध्ये उघडी ठेवा, आत जुना टॉवेल घाला, खाऊ आतच द्या. जाताना बास्केटवर चादर टाका. दवाखान्यात ती जमिनीवर ठेवू नका, मांडीवर घ्या. समोर भुंकणारा लॅब्राडोर नाकासमोर आला तर मांजर वर्षभर विसरत नाही.

बाहेर फिरायला कधी न्यायचं? शेवटच्या डोसानंतर आठवडाभराने जमिनीवर सोडा. पण तीन ते चौदा आठवडे हा पिल्लाने जग ओळखायचा काळ. त्या काळात कोंडून ठेवलेलं पिल्लू पुढे रिक्षाला, पाहुण्यांना, फटाक्यांना घाबरतं. उपाय सोपा आहे: कडेवर घेऊन फिरवा. भाजीवाले, लहान मुलं, बसचा आवाज सगळं दाखवा, फक्त रस्त्यावरची माती आणि अनोळखी कुत्री टाळा. लस पूर्ण असलेल्या ओळखीच्या कुत्र्याशी खेळू द्यायला हरकत नाही.

चौथी पायरी: जंत

कुत्रीच्या पोटातूनच पिल्लांत गोलकृमी येतात, दुधातूनही येतात. म्हणजे ‘स्वच्छ घरातलं पिल्लू’ असलं तरी जंत असणार असंच धरायचं. औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठ आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, त्यानंतर साधारण दर तीन महिन्यांनी. एकदा पाजलं की पोटातले मोठे जंत मरतात, पण शरीरात फिरणाऱ्या अळ्या नंतर पोटात उतरून मोठ्या होतात. त्यांना गाठायचं तर पुढचा डोस हवाच.

औषध वजनावर ठरतं आणि अंदाजाने सांगितलेलं वजन हमखास चुकतं. मांजरीचं पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत बसवा. कुत्रं घेऊन तुम्ही वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. शेजाऱ्यांच्या जर्मन शेफर्डची उरलेली गोळी तुमच्या पगला अर्धी करून देण्याचे उद्योग नकोत.

शेपटीखालच्या केसांना किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे. हा जंत पिसवांमार्फत येतो: कुत्रं चाटताना पिसू गिळतं आणि जंत पोटात जातो. पिसवांचा बंदोबस्त न करता जंताचं औषध देत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. वर्षातून एकदा ताजी शी छोट्या डबीत भरून तपासायला द्या. काही जंत डोळ्यांना कधीच दिसत नाहीत.

घरात रांगणारं मूल असेल तर या पायरीला जास्त जपा. गोलकृमीची अंडी मातीतून हातावर, हातावरून तोंडात जातात, आणि अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. शी लगेच उचलणं हे जंताच्या गोळीइतकंच महत्त्वाचं काम आहे.

पाचवी पायरी: गोचीड

माझ्या मते आपल्या हवेत लशींनंतरचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि सगळ्यात जास्त हयगयही इथेच होते. तपकिरी गोचीड बारा महिने असतो. तो गवतात राहतो हे अर्धसत्य. त्याला घराच्या भिंतीची फट, दाराची चौकट, पलंगाचा सांधा जास्त मानवतो. रक्त पिऊन टरारलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. म्हणून कुत्र्यावरचे दहा गोचीड काढले तरी आठवड्याने वीस दिसतात.

शोधायचं कुठे? कानाच्या आतल्या घड्यांत, कानाच्या कडेला असलेल्या छोट्या खिशासारख्या भागात, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली, बगलेत, शेपटीच्या मुळाशी. बोटं केसांच्या उलट दिशेने फिरवा आणि कातडीला हात लागू द्या. पिल्लू-गोचीड मोहरीपेक्षाही लहान असतो, डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला लागतो. सापडला तर चिमटा कातडीला टेकवून धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. रॉकेल, टर्पेंटाइन, पेटती काडी काही लावू नका. त्याने कुत्र्याला इजा होते आणि गोचिडाची लाळ जखमेत जास्त उतरते. नखांवर चिरडू नका, स्पिरिट घातलेल्या बाटलीत टाका.

गोचिडातून एहर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार येतात. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर काळेनिळे डाग, लघवी चहा-कॉफीच्या रंगाची. यातलं एखादं लक्षण दिसलं तरी रक्ततपासणी करा आणि ‘गेल्या महिन्यात गोचीड झाले होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ‘उन्हाने मरगळलाय’ म्हणून दुखणं अंगावर काढू दिलं की प्लेटलेट्स खाली गेलेल्या असतात.

औषधांत निवड भरपूर आहे. मानेवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंब, औषधी पट्टा, आणि आता चघळायच्या गोळ्या: अफोक्सोलानर आणि सारोलानर महिन्याला एक, फ्लुरालानर साधारण बारा आठवड्यांना एक. गोळ्या महाग वाटतात, पण एका एहर्लिकियाच्या उपचाराशी ताडून बघा. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर या गोळ्या द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. थेंब वापरणार असाल तर आधीचे-नंतरचे दोन दिवस आंघोळ नको.

आणि मांजरवाल्यांनी हे दोनदा वाचा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. झटके येतात, जीव जातो. कुत्र्याचं औषध ‘थोडंसंच’ मांजराला लावायचं नाही. कुत्र्याला लावलं असेल तर ते सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. गोचिडांवरच्या अमिट्राझ या औषधाचंही तसंच.

सहावी पायरी: रेबीज, घरातल्या माणसांसकट

रेबीजची लक्षणं दिसल्यावर वाचवणं जवळपास अशक्य, आणि लक्षणांआधी टाळणं शंभर टक्के शक्य. यात मधलं काही नाही. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना लागतो आणि परवान्याला चालू वर्षाचं रेबीज प्रमाणपत्र लागतं, तेव्हा कागद जपून ठेवा.

तुमच्या लस दिलेल्या कुत्र्याला भटकं कुत्रं चावलं तरी जखम धुऊन डॉक्टरांकडे न्यायचं. त्याला पुन्हा डोस द्यावे लागतात. माणसाला चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. हळद, तिखट, चुना, तंबाखू यातलं काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयांत ही लस मिळते. सगळे डोस पूर्ण करायचे, दोन घेऊन थांबायचं नाही. घरच्या पिल्लाचा दात लागला तरी डॉक्टरांना विचारा. पिल्लालाही रेबीज होतो.

गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने सरकारसोबत कुत्र्यांचं सातत्याने लसीकरण केलं, शाळांतून मुलांना शिकवलं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणासाठी वर्गणी काढायला लोक कुरकुरतात तेव्हा मी हे उदाहरण देतो. तुमच्या कुत्र्याभोवतीची कुत्री सुरक्षित असणं हे तुमच्याच कामाचं आहे.

सातवी पायरी: ऑपरेशन

नसबंदीबद्दल घरात सगळ्यांना मत असतं. ‘एकदा तरी पिल्लं होऊ देत, मग करू’ हे सर्वात लाडकं. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाच्या आधी किंवा लवकर ऑपरेशन झालेल्या कुत्रीत स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी राहतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा आजार तर टळतोच. हा पायोमेट्रा माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी होतो: पाणी खूप पिते, खात नाही, मागून घाण स्राव येतो, कधी तोही येत नाही आणि नुसतं पोट फुगतं. मग रात्री-अपरात्री, आजारी शरीरावर तेच ऑपरेशन करावं लागतं.

मांजरी चार महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते. म्हणून पाच महिन्यांच्या आत करून टाका. बोक्याचंही करा, घरभर लघवीचे फवारे मारणं आणि रात्रीच्या मारामाऱ्या पुष्कळ कमी होतात. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हाडांची वाढ होऊ द्यावी असं डॉक्टर सुचवतात, तिथे दीड वर्षापर्यंत थांबावं लागतं. जातीप्रमाणे विचारून ठरवा.

आधी रक्ततपासणी, आदल्या रात्रीपासून उपास किती हे डॉक्टर सांगतील तसं (लहान पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवत नाहीत), नंतर दहा-बारा दिवस गळ्यात प्लास्टिकचा कोन, टाके चाटू नयेत म्हणून. तो कोन घातलेला चेहरा बघून आज्जीला दया येते आणि ती काढते. तासाभरात टाके चाटून उसवलेले असतात. ऑपरेशननंतर खाणं थोडं कमी करा, नाहीतर सहा महिन्यांत गोल होतात.

आठवी पायरी: खाणं, दात आणि घरातली विषं

दूध-पोळीवर कुत्रं जगतं, पण नीट वाढत नाही. मांजराला तर मांसातलं टॉरिन लागतंच. ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय बिघडतं. शाकाहारी घरात मांजर आणायचं ठरलं तर निदान तयार कॅटफूड आणायची तयारी ठेवा. मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात.

वजन बघायला काटा नसला तरी हात आहे. फासळ्यांवर तळवा फिरवा. हलका दाब दिल्यावर फासळ्या मोजता आल्या पाहिजेत. दाबूनही लागत नसतील तर ताट कमी करा, विशेषतः लॅब्राडोरचं. तो उपाशी असल्याचा अभिनय जन्मजात करतो.

दात रोज घासता आले तर उत्तम, दिवसाआड तरी. प्राण्यांची पेस्ट वापरा. माणसांच्या पेस्टमध्ये फ्लोराइड आणि कधी झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्याला विषारी) असतं, आणि कुत्रं पेस्ट गिळतंच. शिजवलेली हाडं देऊ नका, ती टोकदार तुटतात.

आपल्या स्वयंपाकघरातलं काय घातक? कांदा आणि लसूण, म्हणजे उरलेली आमटी-रस्साही. द्राक्षं, मनुका, बेदाणे, म्हणजे शिरा आणि दिवाळीचा चिवडाही. चॉकलेट. मांजर असेल तर लिलीची फुलं घरात आणूच नका, परागही मूत्रपिंड खराब करतात. ताप आलाय म्हणून मांजराला क्रोसिन द्यायची नाही. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही तिचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन कुत्र्यालाही नको.

आठवड्याला पाच मिनिटं

रविवारी सकाळी एकदा नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवा. हिरडीवर अंगठा दाबून सोडा, पांढरा झालेला डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. कान हुंगा, आंबूस वास नको. नखं जमिनीवर टकटक वाजत असतील तर कापायला आली. तापाचं माप गुदद्वारातून घेतात, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट ठीक. नाक गरम-गार बघून ताप कळत नाही.

ताबडतोब पळायच्या वेळा: बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतो आणि लघवी होत नाही; उन्हात धापा टाकत कोसळलेलं कुत्रं (पाणी ओता, पंखा लावा, मग पळा); पोट फुगून कोरड्या उलट्या; झटके; उंदराचं औषध खाल्ल्याची शंका. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी फिरवणं बंदच ठेवा, पग-बुलडॉग असेल तर कुठेही.

सात-आठ वर्षांनंतर तपासणी वर्षातून दोनदा, रक्त-लघवीसह. मांजरांचं मूत्रपिंड फार काळ गुपचूप बिघडत असतं. जास्त पाणी पिणं हीच पहिली खूण.

पुस्तिकेचा प्रत्येक पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि पुढच्या डोसाची गजर-आठवण आठवडाभर आधीची लावा. पुढेमागे परदेशी जायचा विचार असेल तर क्रम महत्त्वाचा: आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस. युरोपीय देश चिपच्या आधी दिलेली लस मोजत नाहीत. भारतातून तिकडे नेताना लशीनंतर किमान तीस दिवसांनी, लस लागू पडली का हे बघायला रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावं लागतं आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. तिकीट काढण्याच्या निदान पाच-सहा महिने आधी डॉक्टरांकडे जा.